शासनदरबारी स्वच्छ ऊर्जेची बाजू

चांगल्या शिकलेल्या, संस्कारांत वाढलेल्या घरातील मुलगी एके दिवशी सांगते की, तिने बँकेतली वा संगणक कंपनीतली नोकरी न पत्करता स्वच्छ ऊर्जेसाठी काम करणाऱ्या एका ना-नफा संस्थेत जायचे ठरवले आहे. घरच्यांना कौतुक वाटते. मग आजोबा विचारतात, "तिथे नेमके काय करायचे?" उत्तर येते, "शासनसंपर्क." कौतुकाची जागा शंका घेते. मंत्रालयात खेटे घालणे, साहेबांच्या दालनाबाहेर ताटकळणे, कुणाची तरी फाईल पुढे सरकवणे ही कामे मध्यमवर्गीय घराला दलालीची वाटतात. संस्था सेवाभावी असेल तर तिने झाडे लावावीत, सौरदिवे वाटावेत, शाळाशाळांतून व्याख्याने द्यावीत; मंत्र्यांच्या दारात तिला माणूस कशाला हवा?

आजोबांचा प्रश्न रास्त आहे. त्याच्या उत्तरासाठी परदेशी उदाहरणे शोधण्याची गरज नाही. गुहागरच्या किनाऱ्यावर दाभोळच्या प्रकल्पाने महाराष्ट्राला हा धडा चांगलाच महागात शिकवला आहे.

जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीने राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. स्पर्धात्मक निविदा नाहीत, कराराचा मसुदा जनतेसमोर नाही, आणि वीज घेतली नाही तरी स्थिर आकार मोजण्याचे बंधन मात्र आहे, असा तो व्यवहार होता. १९९५ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, या प्रकल्पाच्या उभारणीच्या तयारीवर आणि संबंधितांच्या 'शिक्षणा'वर कंपनीने सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. शिक्षण! भारतीय अधिकारी, नेते आणि बँका यांना कंपनीच्या सोयीचे अर्थशास्त्र समजावून सांगण्याच्या कामाला दिलेले हे गोंडस नाव होते. तोही शासनसंपर्कच होता. फरक इतकाच की, त्या वर्गात कोण बसले, काय शिकले आणि शिकवणीची फी कोणत्या खिशात गेली, हे जनतेला कधी कळले नाही.

स्वदेशी जागरण मंचासह अनेक संघटनांनी या कराराला विरोध केला. युती सरकारने ऑगस्ट १९९५ मध्ये तो रद्द केला आणि त्याच सरकारने फेरवाटाघाटी करून १९९६ मध्ये तो पुन्हा स्वीकारला. ही दुसरी नोंद अनेकांना अडचणीची वाटते. पण ती गाळून हा इतिहास सांगता येणार नाही. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. २००० साली काही महिन्यांत या विजेचा दर युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेला. २००१ मध्ये डॉ. माधव गोडबोले यांच्या समितीने या व्यवहाराची चिरफाड केली, मे महिन्यात मंडळाने वीज घेणे थांबवले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खुद्द एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली.

या साऱ्या गदारोळात पुण्यातील काही तरुण अभियंते एक अनाकर्षक काम करीत होते. 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जा गटातील गिरीश संत, शंतनु दीक्षित आणि सुबोध वागळे यांनी कराराचा तांत्रिक व आर्थिक अभ्यास करून तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या हाती मोर्चा नव्हता, तिजोरी नव्हती. कराराची कलमे, इंधनाचे भाव, विनिमय दर आणि त्यांतून निघणारी पुढच्या वर्षांची बिले, एवढीच त्यांची सामग्री होती. आयआयटीतून बाहेर पडलेल्या गिरीश संतांना परदेशाची वाट मोकळी होती. त्यांनी आयुष्य वीजदरांच्या तक्त्यांत घातले आणि २०१२ मध्ये अकाली निधन होईपर्यंत ते याच कामात राहिले. सत्तेच्या दालनात एन्रॉनचे लोक जात होते आणि हे तरुणही जात होते. दारे तीच होती. कंपनीची माणसे जे घेऊन आत जात ते बाहेर कुणाला दिसत नसे. या तरुणांनी आत जे सांगितले ते आधीच छापून बाहेर ठेवलेले होते. शासनसंपर्क आणि दलाली यांच्यातली सीमारेषा बहुधा येथेच सापडते.

एन्रॉनच्या अनुभवानंतर व्यवस्थाही बदलली. १९९८ च्या कायद्याने वीज नियामक आयोगांचा मार्ग मोकळा केला आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग अस्तित्वात आला. पूर्वी मंत्रालयातल्या बंद खोलीत ठरणारा वीजदर आता याचिका, हरकती आणि जाहीर सुनावणी या मार्गाने ठरू लागला. पहिल्याच मोठ्या सुनावणीत, २००० साली, एक थक्क करणारी गोष्ट उजेडात आली. मंडळ आपली वहन व वितरणातील हानी वर्षानुवर्षे पंधरा ते अठरा टक्क्यांच्या आसपास सांगत होते. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर किती वीज टाकली जाते, असा प्रश्न अभ्यासकांनी आणि आयोगाने लावून धरला, तेव्हा ही हानी तीस टक्क्यांच्या वर असल्याचे मान्य करावे लागले. म्हणजे शहरातल्या वीजचोरीचे पाप इतकी वर्षे शेतकऱ्याच्या माथी मारले जात होते. 'शेतकरी फुकट वीज ओढतो' हे वाक्य दिवाणखान्यात बसून सहज बोलले जाते. त्या वाक्यामागचा आकडा खोटा होता, हे सिद्ध करायला कुणीतरी कागद वाचावे लागले.

विद्युत अधिनियम, २००३ ने या कामाला आणखी बळ दिले. या कायद्याच्या ९४ व्या कलमानुसार आयोगाला ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमता येतो. महाराष्ट्रात मुंबई ग्राहक पंचायत, 'प्रयास', तसेच विदर्भ आणि ठाणे-बेलापूर येथील उद्योजकांच्या संघटना यांनी ही जबाबदारी पार पाडली आहे. ८६ व्या कलमाने नवीकरणीय स्रोतांपासूनच्या विजेला प्रोत्साहन देणे आणि वितरण कंपन्यांनी ती किती टक्के घ्यावी हे ठरवणे आयोगाचे कर्तव्य केले. त्यानुसार राज्याच्या आयोगाने ऑगस्ट २००६ च्या आदेशात तीन टक्क्यांपासून सुरुवात करून २००९-१० पर्यंत सहा टक्क्यांचे बंधन घातले. हे टक्के कागदावर किरकोळ दिसतात. परंतु पवनचक्की वा सौरप्रकल्प उभारणाऱ्याला कर्ज देणारी बँक हे बंधन पाहूनच पैसे देते. एक टक्का वर की खाली, यावर कोट्यवधी रुपये आणि कित्येक टन कोळसा अवलंबून असतो. असा टक्का ठरत असताना कोळसा कंपनीचा माणूस उपस्थित असतो, यंत्रे विकणारा असतो, वितरण कंपनीचा वकील असतो. बिल भरणारा आणि धूर गिळणारा मात्र नसतो. त्याच्या वतीने कुणी बसावे, यासाठी तर त्या मुलीला पगार मिळणार आहे.

तिचा दिवस कसा असेल? त्यात झगमगाट फारसा नाही. शेकडो पानांची दरवाढ याचिका वाचायची. त्यातला एक तक्ता दुसऱ्या तक्त्याशी जुळत नाही, हे हेरायचे. पुण्यात महाऊर्जाच्या कार्यालयात एक बैठक, वांद्र्याला महावितरणच्या प्रकाशगडावर दुसरी, मंत्रालयात ऊर्जा विभागात तिसरी. दिल्लीत मसुदा निघाला की मुदतीत हरकत धाडायची. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस जनतेसमोर ठेवणे अपेक्षित आहे, तरी ती मुदत अनेकदा मिळत नाही, म्हणून त्यासाठीही भांडायचे. आमदाराला भेटताना दोन पानांत विषय सांगायचा, सचिवाला भेटताना एका पानात. आणि साहेबांची बदली झाली की सहा महिन्यांचे सारे समजावणे पुन्हा पहिल्यापासून. चिकाटी हा गुण या क्षेत्रात पदवीपेक्षा मोलाचा आहे.

या कामाचे मोल समजायचे असेल तर रात्री शेतात जावे लागते. महाराष्ट्रातील शेतीपंपांना वर्षानुवर्षे पाळीने वीज मिळत आली. दिवसा आठ तास, नाही तर रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की पौषाच्या थंडीत शेतकरी हातात विजेरी घेऊन दारे धरायला निघतो. वाफ्यात पाणी, पायाखाली विंचू-साप, उसाच्या फडात बिबट्या. जुन्नर आणि संगमनेर भागातील माणसांना ही भीती कुणी वर्णन करून सांगावी लागत नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत करण्याचा निर्णय जाहीर केला. पण मोफत वीज मध्यरात्री आली तर तिची किंमत शेतकऱ्याचे घर जागून मोजतेच.

सूर्य दिवसा तळपतो आणि पाणीही दिवसाच द्यायचे असते, ही साधी जुळणी धोरणात उतरायला मात्र फार काळ लागला. गावाजवळच्या उपकेंद्रालगत काही मेगावॅटचा छोटा सौरप्रकल्प उभारावा, त्याची वीज थेट शेतीच्या वाहिनीला द्यावी, शेतकऱ्याने आहे तोच पंप वापरावा आणि त्याला दिवसा वीज मिळावी, अशी ही कल्पना. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली आणि राळेगणसिद्धी व यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही गावे तिच्या प्रारंभीच्या प्रयोगासाठी निवडली गेली. 'प्रयास'च्या अभ्यासकांनी या मांडणीची बाजू सातत्याने लिहून मांडली. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतही डिसेंबर २०२० मध्ये शेतीवाहिनीच्या सौरीकरणाचा समावेश झाला. २०२३ मध्ये राज्याची योजना नव्या स्वरूपात आली, मार्च २०२४ मध्ये सुमारे नऊ हजार मेगावॅटच्या प्रकल्पांना देकारपत्रे दिली गेली आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला वाशिम जिल्ह्यात पंतप्रधानांच्या हस्ते पहिल्या पाच प्रकल्पांचे, एकूण १९ मेगावॅटचे, लोकार्पण झाले.

२०१७ ते २०२४ ही सात वर्षे एवढ्या सरळ कल्पनेला का लागली? कारण शासन म्हणजे एक माणूस नव्हे. ऊर्जा विभागाला ही योजना दिवसाच्या विजेमुळे रुचते. वित्त विभागाला शेतकऱ्याच्या रात्रीशी कर्तव्य नसते. त्याला अनुदानाचा बोजा दिसतो, म्हणून तिथे सांगावे लागते की, सौर वीज सुमारे तीन रुपयांना मिळते आणि आजवर शेतीपर्यंत पोहोचवली जाणारी वीज त्याहून कितीतरी महाग पडते. महसूल विभाग जमिनीचे विचारतो. अभियंता उपकेंद्राची क्षमता विचारतो. बँक विचारते की, वितरण कंपनी पैसे वेळेवर देईल याची हमी कोणाची. प्रत्येकाला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि तरीही प्रत्येक दालनात आकडा तोच ठेवायचा, ही शासनसंपर्काची खरी कसोटी. वित्त विभागाला एक खर्च आणि वृत्तपत्राला दुसरा सांगणारा माणूस फार दिवस टिकत नाही. टिकला, तर तो एव्हाना कुणाचा तरी विक्रेता झालेला असतो.

आणि इथेच या क्षेत्रातील मंडळींना एक टोचणारी गोष्ट सांगायला हवी. स्वच्छ ऊर्जा हे चांगले काम असल्यामुळे तिच्या नावाने चाललेले सारेच चांगले, अशी एक समजूत त्यांच्यात रुजताना दिसते. योजनेत खासगी जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आहे, हे उत्तमच. पण प्रकल्पांसाठी सरकारी जमीन शोधताना नजर गावाच्या गायरानाकडे वळते. सातबाऱ्यावर ती जमीन पडीक दिसते; गावाच्या लेखी ती गाईगुरांची, मेंढपाळांची, भूमिहीनाच्या दोन शेळ्यांची असते. काही गावांतून गायरानावर सौरपट्ट्या नकोत, असा आवाज उठला आहे. राजस्थानात जैसलमेरच्या भागात देवाच्या नावाने राखलेली 'ओरण' आणि माळढोक पक्ष्यांचा अधिवास यांच्यावरून हाच वाद पेटला. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या रक्षणासाठी विजेच्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला, आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. सोलापूरजवळच्या नान्नजने माळढोक जवळजवळ गमावला आहे, त्यामुळे हा विषय महाराष्ट्राला परका नाही. स्वच्छ ऊर्जेची बाजू मांडणाऱ्याने मंत्रालयात गायरानाचा प्रश्न स्वतःहून काढला पाहिजे. तो काढला तर आपलीच योजना अडेल, अशी भीती त्याला वाटते. पण न काढल्यास गावाचा विश्वास जातो, आणि गावाने वाट अडवली की देकारपत्रातले मेगावॅट कागदावरच राहतात.

आता पैशाचा मुद्दा. आजोबांचा दुसरा प्रश्न तोच असणार: "या संस्थेला पैसे कोण देते?" या प्रश्नावर चिडण्याचे कारण नाही. ऊर्जेचे धोरण हे राष्ट्राच्या सुरक्षिततेचे धोरण आहे. कोणता देश कोळसा जाळील आणि कोणता सौरपट्ट्या विकेल, यात जगातल्या बड्या सत्तांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. परकीय देणग्यांचा २०१० चा कायदा आणि २०२० मध्ये त्यात झालेल्या कडक सुधारणा याच चिंतेतून आल्या. ग्रीनपीसच्या भारतातील संस्थेची परकीय देणगी नोंदणी २०१५ मध्ये रद्द झाली, तेव्हा या विषयावर पुष्कळ धुरळा उडाला. पैशाचा माग काढणे हा शासनाचा अधिकारच आहे. मात्र त्याबरोबर हेही मान्य करावे लागते की, हानीचा आकडा तीस टक्के असेल तर तो सांगणाऱ्याची देणगी कुठलीही असो, तीस टक्केच राहतो. संस्थेच्या हिशेबाची तपासणी करावी. तिच्या गणिताचे उत्तर गणितानेच द्यावे.

परकीय पैसा नको, तर स्वकीय पैसा कुठे आहे? इथे समाजाचा, त्यातही देणाऱ्या मध्यमवर्गाचा, हिशेब थोडा लाजिरवाणा निघतो. मंदिराचा जीर्णोद्धार, वसतिगृह, रुग्णवाहिका, वनवासी पाड्यावरची शाळा यांसाठी झोळी भरते, आणि ती भरावीच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला देणे बंधनकारक केले. तो पैसा सौरदिव्यांना मिळतो, कारण दिव्यावर देणगीदाराचे नाव रंगवता येते. दरयाचिकेच्या चारशेव्या पानावरील चूक शोधणाऱ्याच्या पगारावर नाव रंगवता येत नाही. म्हणून तो पगार द्यायला बोस्टन वा लंडनचा न्यास पुढे येतो आणि मग त्याच न्यासाचे नाव घेऊन या संस्थेला नावे ठेवली जातात.

वेगळा मार्ग नाही असे नाही. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून सभासदांच्या बळावर उभी आहे. घरोघरच्या ग्राहकांचे गट करून त्यांना दरमहा वाणसामान पुरवायचे, कार्यकर्त्यांनी स्वयंसेवी वृत्तीने राबायचे आणि त्या बळावर न्यायालयांत आणि आयोगांपुढे ग्राहकाची बाजू मांडायची, असा तिचा शिरस्ता. मापात तोललेल्या तांदळाच्या पिशवीतून वीजदराच्या सुनावणीपर्यंत जाता येते, हे तिने दाखवले. सौरछपरांच्या बाबतीतही असा प्रयोग होऊ शकतो. फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. राज्यातील हजारो गृहनिर्माण संस्था आणि घरे यात उतरत आहेत. २०१९ मध्ये आयोगाच्या एका मसुद्याने महिन्याला तीनशे युनिटांपुढच्या ग्राहकांची निव्वळ मोजणीची सवलत काढू पाहिली होती. मसुद्यावर हरकती आल्या आणि त्या वर्षअखेरच्या अंतिम नियमांत ती सवलत राहिली. या छपरांच्या मालकांनी दरसाल शेदोनशे रुपये काढले तरी आयोगापुढे उभा राहणारा एक चांगला अभ्यासक पोसता येईल.

कायद्याची एक त्रुटीही बोलायला हवी. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यामुळे शासनसंपर्कावरचा खर्च जाहीर करावा लागतो. म्हणूनच डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टने भारताच्या बाजारपेठेसह इतर विषयांवर अमेरिकेत केलेल्या खर्चाचा तपशील बाहेर आला आणि संसदेत गदारोळ झाला. भारतातल्या मंत्रालयांत कोणती कंपनी वा संस्था कोणाला कशासाठी भेटली, याची अशी नोंदवही नाही. २०१३ मध्ये कालिकेश सिंह देव यांनी लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक आणले. त्याचा कायदा झाला नाही. अशी नोंदवही झाली तर तिची सर्वांत कमी भीती प्रामाणिक संस्थांना वाटेल. किंबहुना त्यांनी कायद्याची वाट न पाहता आपल्या भेटी, दिलेली निवेदने आणि मिळालेला पैसा आजपासूनच प्रसिद्ध करावा. आजोबांना नातीने दाखवायला असे एक पान पुरेसे आहे: कोणाला भेटले, काय मागितले, पगार कोणी दिला.

वीजदराची पुढची याचिका दाखल झाली की तिची सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टंकात येईल. हरकती पाठवण्याची मुदत आणि सुनावणीची तारीख तीत दिलेली असेल. त्या दिवशी पहिल्या रांगेत कंपन्यांचे वकील वेळेआधी येऊन बसलेले असतात. मागच्या रांगांत जागा असते.